कानकोरणं, चिमटा आणि वन्सं

घरी नणंद असते बऱ्याच जणींना. कामावर खडूस वरिष्ठही असतात. पण या दोन्ही जागा एकाच बाईनं अडवून ठेवल्यात, असलं भाग्य फक्त माझं. सकाळी स्वयंपाकघरात "गॅस बारीक कर" ऐकायचं आणि मग संग्रहालयाच्या मागच्या खोलीत त्याच आवाजात "दिवा जवळ घे" ऐकायचं. मधल्या रस्त्यात तरी सुटका? छे! जातोही एकाच बसनं.

मी त्यांना वन्सं म्हणते. हल्ली कुणी म्हणत नाही, मला माहितीय. लग्न झालं तेव्हा चिडवायला म्हणून म्हणाले आणि तेच चिकटलं. आता संग्रहालयाचा पहारेकरी त्यांना वन्सं म्हणतो, झाडणारी बाई म्हणते आणि आमचे साहेबसुद्धा मीटिंगमध्ये "हे वन्संना विचारा" म्हणतात. नवऱ्याची ही मोठी बहीण. लग्न केलं नाही, आमच्याच वरच्या खोलीत राहतात. जुन्या धातूच्या वस्तू साफ करण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नाही, हे मी भांडतानाही कबूल करते. मी आधी तिकीटखिडकीवर होते. तिथून उचलून मला या खोलीत त्यांनीच आणलं आणि कामही त्यांनीच शिकवलं. हे त्या मला विसरू देत नाहीत, तो भाग वेगळा.

आमचं खातं किरकोळ वस्तूंचं. मूर्ती, तलवारी, नाणी दुसरीकडे जातात, मोठ्या दालनात, मोठ्या लोकांकडे. आमच्याकडे येतात सुया, दाभणं, मासे धरायचे गळ, वस्तऱ्यांची पाती. हजारो वर्षांपूर्वी कुणाच्या तरी डबीत नाहीतर कनवटीला असलेल्या या वस्तू मातीखाली गेल्या आणि हिरव्या होऊन वर आल्या. घरच्या भांड्यांवर चढतो तसाच कळंक, पण हा दगडासारखा घट्ट. तो मायक्रोस्कोपखाली बारीक सुरीनं कणाकणानं खरवडायचा. आत कधी धातू शाबूत असतो, कधी नुसता भुगा.

इतर ठिकाणी अशी वस्तू मऊ मेणात बसवतात आणि एकटा माणूस निवांत काम करतो. वन्संना मेण चालत नाही. "मेण मुकं असतं," त्या म्हणतात. "धातू तुटायच्या आधी सांगतो, पण बोटांना सांगतो." म्हणून आमच्याकडे दोघी लागतात. टेबलाच्या एका बाजूला त्या, डोळे भिंगाला, हातात सुरी. समोर मी, दोन्ही कोपरं वाळूच्या पिशव्यांवर आणि चिमटीत ती वस्तू. खाज आली तरी खाजवायचं नाही, शिंक आली तर आधी सांगायचं. श्वाससुद्धा विचारून घ्यायचा, एवढंच काय ते बाकी होतं.

तर यंदाच्या प्रदर्शनासाठी एक जुडगा आला. किल्ल्यांचा असतो ना, तसा. काशाची एक कडी, तिच्यात अडकवलेला केस उपटायचा चिमटा, कानकोरणं आणि नखांतला मळ काढायची टोकदार काडी. तिन्ही एकमेकांना आणि कडीला चिकटून एक हिरवा गोळा झालेला. ज्या कुणी ते शेवटचं वापरलं त्यानं जरा धुऊन पुसून ठेवलं असतं तर आमच्या मागची कटकट वाचली असती. पण नाही, कान कोरले आणि दिलं टाकून!

साहेबांना मात्र जुडगा फार आवडला. प्रदर्शनात मधोमध ठेवायचा असं त्यांनी ठरवलं आणि पाटीही करून आणली, 'राजघराण्यातील प्रसाधनसाधने'.

वन्संनी पाटी वाचली. "राजाचं कशावरून?"

"किती सुबक आहे बघा ना."

"साहेब, कान सगळ्यांनाच असतात."

पाटी परत गेली. साहेब पाठमोरे झाल्यावर आम्ही दोघी हसलो. त्यानंतर बरेच दिवस आम्ही एकत्र हसलो नाही, म्हणून ते लक्षात राहिलंय.

कारण मग ते सुरू झालं.

"हललीस."

मी हलले नव्हते. पण म्हटलं, असेल, एखादी नस उडाली असेल. कोपरं नीट टेकवली, परत धरलं. थोडा वेळ गेला.

"परत हललीस!"

"नाही हो वन्सं."

"मला दिसतंय इथं! सगळं नाचतंय. काय खाऊन येतेस, का खातच नाहीस?"

आधी दिवसातून एखाद्या वेळेस व्हायचं. मग सुरी टेकवली रे टेकवली की सुरू. मी दात आवळून, खांदे ताठ करून बसायची, संध्याकाळी मान वळायची नाही. आणि समोरून तोंडाचा पट्टा चालूच. अगं धर, अगं किती थरथरतेस, लक्ष कुठंय तुझं. माझ्या अगदी नाकी नऊ आले. एके दिवशी सुरी सटकली आणि चिमट्याच्या एका पायाचा टवका उडाला. नखाच्या कोपऱ्याएवढाही नसेल, पण गेला तो गेला.

"बघ! बघ काय केलंस!" वन्सं उभ्याच राहिल्या. "इतकी वर्षं मातीनं सांभाळलं आणि तू घालवलंस!"

दारात पहारेकरी होता. तो बिचारा खाली मान घालून निघून गेला. खरं म्हणजे मला तेव्हा वाटलं, माझंच चुकलं असेल.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी बोलावलं. साहेब वाईट नाहीत, पण अवघड बोलायचं असलं की टेबलावरचा पेपरवेट फिरवत बसतात. तो बराच वेळ फिरला.

"वन्सं म्हणत होत्या... तुमचा हात आता पूर्वीसारखा राहिला नाही. होतं असं. आपण तुम्हाला परत खिडकीवर देऊ. बसून काम आहे."

"वन्सं म्हणाल्या?"

"हो, म्हणजे काळजीनंच म्हणाल्या त्या."

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. एका घरात राहतो, एका पातेल्यातला चहा पितो, एका बसमध्ये शेजारी बसतो आणि ही बाई माझ्या तोंडावर न बोलता साहेबांकडे जाऊन माझ्या नावानं खडे फोडते! मी काय हिचं घोडं मारलं होतं? साहेबांना म्हटलं, "प्रदर्शनापर्यंत थांबा, हा जुडगा तरी पुरा होऊ दे." त्यांनी मान हलवली. पेपरवेट थांबला.

खिडकीवर जाण्यात कमीपणा आहे असं नाही. पण मला ही खोली सोडायची नव्हती. कधीतरी असं होतं की हिरवा थर एका जागी सुटतो आणि खालून काशाचा खरा रंग दिसतो, एवढासा, टाचणीच्या डोक्याइतका. मग वन्सं भिंगावरून बाजूला सरकतात आणि म्हणतात, "ये, बघून जा." ते बघायला मी दिवसभर अंग आखडून बसते. तिकिटं फाडताना असं काही दिसत नाही.

त्या दिवशी घरी आल्यावर मी बोललेच नाही. वन्सं नेहमीसारख्या स्वयंपाकघरात येऊन बसल्या. त्यांचे हल्ली तिथंही चोचले वाढले होते. चहा स्वतः ओतायच्या नाहीत, "तू ओत" म्हणायच्या. वर "अर्धाच भर." ब्लाउजचा मागचा हूकही मी लावून द्यायचा. भरतकाम कपाटात टाकून दिलेलं, म्हणे डोळे दुखतात. मनात म्हटलं, हात मोडलेत का बाईचे? नोकर समजते मला. कप आदळला त्यांच्यापुढं. त्या काही बोलल्या नाहीत. मला आणखीच राग आला.

त्या वर गेल्यावर मी घरातली सगळ्यात बारीक सुई काढली आणि दोरा ओवला. पहिल्या फटक्यात गेला. काढला, परत ओवला, परत गेला. मग काठोकाठ पाण्याचा पेला तळहातावर घेऊन खोलीभर फिरले. थेंब सांडला नाही. नवरा वर्तमानपत्राआडून बघत होता. तो शाळेत गणित शिकवतो. मुलांची गणितं सोडवतो, पण घरातलं भांडण सोडवायची वेळ आली की पेपर तोंडासमोर धरतो.

"काय चाललंय?"

"माझा हात हलतोय का सांग."

"हात नाही हलत," तो म्हणाला. "जीभ मात्र थांबत नाही."

"तुझ्या बहिणीनं मला खिडकीवर पाठवायचं ठरवलंय!"

"ताई असं मुद्दाम करणार नाही."

"मग काय, चुकून करतेय?"

त्यानं पेपर परत वर केला. मी ठरवलं, बास झालं. मूग गिळून बसायचं नाही. सगळ्यांसमोर सोक्षमोक्ष लावायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळीच साहेबांना गाठलं. म्हटलं, "चहाच्या आधी एकदा आमच्या खोलीत या. वन्सं काम करत असतील. माझे हात किती हलतात ते तुमच्या डोळ्यांनी बघा." त्यांना कटकट नको होती, पण येतो म्हणाले.

वन्सं हात धुवायला गेल्या तेव्हा मी खणातून मेण काढलं. बोटांनी मळून मऊ केलं, छोट्या ताटलीत थापलं आणि जुडगा त्यात अलगद बसवला. वन्संच्या खोलीत मेण! पण राग त्याहून मोठा होता. ताटली भिंगाखाली ठेवली, भोवतीनं दोन्ही हातांची ओंजळ धरली आणि नेहमीसारखी बसले.

वन्सं आल्या. बसल्या. माझ्याकडे बघितलंही नाही, आमचं बोलणं बंदच होतं. त्यांनी डोळे भिंगाला लावले, सुरी घेतली. मी हळूच ओंजळ काढून घेतली आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले.

सुरी कानकोरण्याच्या दांडीला टेकली.

"हललीस."

मला इतका आनंद झाला की हसू दाबायला ओठ चावावे लागले. बरी सापडलीस! साहेब येऊ देत फक्त.

"अगं किती हलतेस! जरा धर ना नीट!"

माझे हात मांडीवर. जुडगा मेणात, जागचा हलायचा प्रश्नच नाही. मग हिला दिसतंय काय? नाटकच करायचं तर इतकं खरं कसं करते? म्हणून मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. कपाळावर आठी, ओठ घट्ट मिटलेले, अगदी जीव तोडून चाललेलं काम. मग सुरीकडे पाहिलं.

सुरी थरथरत होती. फार नाही, फुंकर घातल्यावर दुधावरची साय हलते तेवढीच. नुसत्या डोळ्यांनी सहज दिसलीही नसती. पण भिंगात सगळं कितीतरी पटींनी मोठं होतं. भिंगात ना माझा हात दिसतो ना त्यांचा, फक्त सुरीचं टोक आणि हिरवा धातू. दोन्हींतलं कोण हलतंय हे कळायला मार्गच नाही. बसस्थानकात शेजारची बस निघाली की आपलीच निघाली असं वाटतं ना, तसं. आणि वन्संचा हात? तो हलूच शकत नाही, हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. मग उरलं कोण?

आणि मग एकेक आठवायला लागलं. अर्धा कप. हूक. कपाटात टाकलेलं भरतकाम. इतके दिवस डोळ्यांसमोर होतं सगळं आणि मी बया कप आदळत बसले होते.

"तुला सांगून सांगून थकले मी," वन्सं भिंगातूनच म्हणाल्या, आणि आवाज खरंच थकलेला होता. "काय करू तुझं?"

बाहेर चपलांचा आवाज आला. साहेब! मी झटकन हात वर घेतले आणि ताटलीभोवती ओंजळ केली.

"चाललंय का काम?" साहेब दारात उभे.

मी काय काय बोलणार होते! रात्रभर पाठ केलं होतं. तोंडातून निघालं ते असं, "साहेब, वन्सं म्हणतात ते बरोबर आहे. हलतो माझा हात. आत्तासुद्धा हलले."

साहेब गोंधळले. "म्हणजे... मग खिडकी..."

"चालेल."

वन्संनी डोकं वर केलं. कुणी चूक कबूल केलेली त्यांना आवडते. पण मी न भांडता कबूल केली, हे त्यांच्या पचनी पडलं नाही. माझ्याकडे रोखून बघितलं. मग हात पुढे करून माझी बोटं बाजूला सारली.

मेण दिसलं.

मला वाटलं, आता आभाळ कोसळणार. पण त्या नुसत्या मेणाकडे बघत राहिल्या. मग आपल्या हातातल्या सुरीकडे. सुरीचं टोक हलत होतं आणि आता आम्ही तिघंही त्याच्याकडे बघत होतो. त्यांनी ती खाली ठेवली. नीट ठेवता आली नाही, टेबलावर खडखडली.

"साहेब," त्या म्हणाल्या, "हिला कुठं पाठवू नका. हात माझा हलतोय."

"अहो वन्सं, होतं असं, वयानुसार..."

"तुम्ही जा आता."

साहेब गेले. मी म्हटलं, "वन्सं..." त्यांनी पिशवी उचलली, चष्मा शोधला, तो डोक्यावरच होता, आणि घरी निघून गेल्या. एकट्या, मला न घेता.

डॉक्टरांनी तपासलं, गोळ्या दिल्या. थरथर वाढू नये म्हणून बघू म्हणाले. बारीक कामाचं विचारलं तेव्हा ते नवऱ्याकडे बघून बोलले, वन्संकडे नाही. त्यावरून आम्ही काय समजायचं ते समजलो.

वन्सं कामावर यायच्या थांबल्या नाहीत. पण आता सुरी माझ्याकडे. त्या समोर माझ्या जागेवर बसायच्या, हात एप्रनच्या खिशात. जुडगा मेणात ठेवताना मी त्यांच्याकडे बघितलं, तर म्हणाल्या, "ठेव, ठेव. मेण बरं." पहिल्या दिवशी म्हटलं, दुखावल्यात, होतील ठीक. दुसऱ्या दिवशीही तेच. "जमेल तसं कर." "घाई नाही काही." "दमलीस का? थांब जरा." शी! माझी सख्खी मावशीसुद्धा माझ्याशी इतकं गोड बोलत नाही. मला कळेना की मी बरोबर करतेय की वाट लावतेय. विचारलं तर म्हणायच्या, "छान चाललंय." भिंगात बघायच्यासुद्धा नाहीत. अशा माणसाशी काम कसं करायचं? घरी नवऱ्याला म्हटलं तर तो म्हणाला, "आधी ओरडते म्हणून तक्रार, आता ओरडत नाही म्हणून तक्रार." पेपर फाडावासा वाटला त्याचा.

कानकोरण्याची मान सगळ्यात नाजूक. दांडी जिथं संपते आणि पुढची इवलीशी वाटी सुरू होते, तिथं कळंक खोबणीत गच्च बसला होता. मी सुरी घातली, निघेना. जरा जोर लावला. थर सुटला आणि सुरी त्याच्यासकट घसरत गेली. दांडीवर एक लखलखीत पिवळा ओरखडा उठला, चांगला लांबलचक.

मी तशीच बसले. जुन्या वन्सं असत्या तर छप्पर उडालं असतं. मी त्याची वाट बघत होते, खोटं कशाला सांगू.

"काय झालं?"

"ओरखडा गेला."

त्या पुढे वाकल्या, लांबूनच बघितलं. "असू दे. एवढं दिसत नाही."

"दिसत नाही?" माझं डोकंच फिरलं. "आंधळ्यालाही दिसेल! एका टवक्यावरून पहारेकऱ्यासमोर माझा उद्धार केलात, आणि आता हा एवढा रस्ता आखलाय मी त्याच्यावर, तर असू दे? तुमच्या तोंडून? ओरडा की माझ्यावर!"

वन्संचे हात खिशातच होते, पण खिसे हलत होते.

"कशी ओरडू?" त्या म्हणाल्या. "इतके दिवस तुझ्यावर ओरडले. शपथेवर सांगितलं असतं की तूच हलतेस. डोळ्यांनी बघत होते गं मी. आणि चूक माझी होती. आता परत ओरडले आणि परत माझीच चूक निघाली तर?"

मी आधीच चिडलेली होते. उठले, त्यांच्या खांद्याला धरून त्यांना माझ्या खुर्चीत बसवलं आणि भिंग त्यांच्या डोळ्यांसमोर ओढलं.

"ही चूक माझी आहे. शंभर टक्के माझी. तुम्ही हात लावलेला नाही. बघा नीट, आणि काय चुकलं ते सांगा."

त्या बघेनात. मी हटले नाही. शेवटी त्यांनी डोळे भिंगाला लावले.

"सुरी उभी धरलीस," त्या पुटपुटल्या.

"मोठ्यानं सांगा."

"सुरी उभी धरलीस! आडवी धरायला शिकवली होती ना मी?"

"आणखी?"

"आणि जोर लावलास. बाहेरून आत यायचं, आतून बाहेर जायचं नाही, किती वेळा सांगितलंय! दिवा कुठंय तुझा? अंधारात खोदतेस? तुला कुणी इथं बसवलं?"

"तुम्हीच," मी म्हटलं. माझे डोळे भरून वाहत होते. पुसायला हात मोकळे नव्हते, त्यांचं ऐकता ऐकता मी एका हातात सुरी, दुसऱ्यात दिवा उचलला होता. मी तशीच, त्यांना काय दिसतंय ते बघायला ताटलीवर वाकले.

"अगं ए!" वन्संनी डोकं वर काढलं आणि अशा काही ओरडल्या की बाहेर पहारेकऱ्याची खुर्ची सरकली. "लांब हो! डोळ्यांतलं पाणी पाडशील त्याच्यावर! मीठ असतं त्यात, कासं सडतं मिठानं! रडायचं असेल तर खिडकीपाशी जाऊन रड!"

मी खिडकीपाशी जाऊन रडले.